अंबेच्या वाटेवरील भजन

कोकणस्थांच्या पुष्कळ घराण्यांप्रमाणे आमच्याही घराची कुलस्वामिनी अंबाजोगाईची योगेश्वरी होय. परंतु कित्येक वर्षे तिचे दर्शन घडले नव्हते. यंदा दसरा झाल्यावर वडील मंडळींस घेऊन आम्ही निघालो. बीडहून मांजरसुंबा, नेकनूर, केज ही गावे मागे टाकली, आणि पुढे वाहन बिघडल्यामुळे रस्त्यालगतच्या एका खेड्यात मुक्काम करणे भाग पडले. त्या रात्री कोजागिरी होती. ज्या अडचणीबद्दल आम्ही कुरकुरलो, तिनेच यात्रेतील मोठा लाभ करून दिला.

मारुतीच्या देवळापुढे भजन उभे राहिले. समोरासमोर टाळकऱ्यांच्या दोन ओळी, मध्ये मृदंग, आणि एका वृद्धाच्या गळ्यात वीणा; सारी मिळून दहाबारा पुरुषमंडळी. एकाने चरण म्हणावा, एका ओळीने ध्रुपद उचलावे, ते खाली पडण्यापूर्वी दुसरीने झेलावे. लय संथपणे चढत जाई आणि ऐन भरात सारे टाळ एकदम थांबत. युरोपातील देवळांत चार निरनिराळे स्वर एकत्र गुंफून गाण्याची रीत आहे. येथे सर्वांचा स्वर एकच. मात्र तेथील जुन्या मठांतही साधुमंडळी अशाच दोन समोरासमोरच्या ओळींत एकस्वराने आळीपाळीने स्तोत्रे म्हणत आली आहेत, हे ध्यानी आले म्हणजे मौज वाटते.

या शिस्तीमागे शिक्षण आहे. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली. त्यांच्या शिष्यांपैकी बंकटस्वामी यांचे स्थान याच वाटेवरील नेकनूरला आहे. अभंगाच्या पाठाबरोबर चाल आणि टाळाची पावलेही या परंपरेने खेडोपाडी पोहोचविली.

पण एक गोष्ट डोळ्यांस खुपली. उजव्या ओळीत सहा जण, तर डावीकडे तिघेच. विणेकऱ्यांस विचारले तेव्हा ते म्हणाले, "दोघं कालच गेले ऊसतोडीला. उचल घेतली की टोळीसंगं जावंच लागतं. दिवाळीनंतर बाकीचेबी जातील."

"मग भजन?"

"वीणा ठेवायची नाही खाली. मी हाय, दोन म्हातारे हायती. चैतापर्यंत तेवढ्यावर भागवायचं."

असे म्हणून त्यांनी डाव्या ओळीतील मोकळ्या जागेकडे बोट केले व टाळ आमच्या हाती दिले. आमच्या आजोबांच्या काळी घरी दर गुरुवारी भजन होई. ते अभंग आम्हांस शब्दशः पाठ आहेत, त्यांचे अर्थही सांगता येतील. परंतु चाल आमच्या घरातून केव्हा निघून गेली, हे कोणास कळलेदेखील नाही. दुसऱ्याच आवर्तनात आमचा टाळ चुकला. लज्जेने हात आवरला, तोच विणेकरी म्हणाले, "माउली, चुकलं तरी टाळ सोडू नका. शेजारचा सांभाळून घेतो." आणि खरोखरच शेजारच्या शेतकऱ्याने आपला टाळ किंचित उंच धरून आम्हांस लयीत आणिले.

दुसऱ्या दिवशी अंबेचे दर्शन झाले. 'विवेकसिंधु'कर्त्या मुकुंदराजांची समाधी पाहिली. दासोपंतांची पासोडीही या गावचीच. सुमारे चाळीस फूट लांबीच्या त्या कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय लिहून काढला आहे. एवढी अक्षरे कापडावर चार शतके टिकली, याचे नवल वाटले. परंतु कापड पेटीत जपता येते. चालीस मात्र माणसांचे गळेच हवेत, आणि दरवर्षी दिवाळीनंतर पोटासाठी ते गळे गाव सोडून जातात.

घरी परतल्यावर माळ्यावरील आजोबांचे टाळ खाली काढले. दोऱ्या कुजल्या होत्या, त्या नव्या घातल्या. येत्या गुरुवारी मुलांस समोरासमोर उभे करण्याचा विचार आहे. आम्ही चुकूच; पण शेजारचा सांभाळून घेईल.