चिंगीचे दोन रिपोर्ट



मागच्या पावसाळ्यात गागोदे बुद्रुकच्या आमच्या घरी गोठ्यात भिजलेलं मांजराचं पिल्लू सापडलं. सासूबाई म्हणाल्या, "मांजर पाळायचं नाही हं. पण दारात आलेला जीव हाकलायचाही नाही." त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत चिंगी वाढली. (तिच्या खाण्याचा प्रश्न कसा सोडवला, ते पुन्हा कधीतरी लिहीन.)

लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरांना ठोक्यांबरोबर बारीक फुरफुर ऐकू आली. "नसबंदीच्या आधी हृदयाचं डॉप्लर करा," म्हणाले. दवाखान्यात चिंगीने दोघांना ओरबाडलं, म्हणून तिला गुंगीचं इंजेक्शन दिलं. रिपोर्ट आला: हृदयाची भिंत जरा जाडसर, रक्तप्रवाह ठीक. नाडी 110. सासूबाईंनी हात जोडले. मी ऑपरेशनची तारीख ठरवली.

ऑपरेशन दुसऱ्या, वयस्कर डॉक्टरीणबाई करणार होत्या. कागद बघून त्यांनी एकच विचारलं, "ही तपासणी गुंगीत की जागेपणी?"

मी म्हटलं, "ताई, त्याने काय फरक पडतो?"

मग त्यांनी समजावलं. न थांबणारी गाडी स्टेशनात येताना शिट्टी बारीक वाटते, लांब जाताना जाड. 1842 साली ख्रिश्चन डॉप्लर यांनी मांडलेलं तत्त्व तेच. यंत्र आवाजाच्या लहरी सोडतं, त्या धावत्या रक्तपेशींवर आपटून परततात, आणि सुरातल्या बदलावरून रक्ताचा वेग कळतो. पण तो वेग त्या घडीचा असतो. मेडेटोमिडीनच्या जातीचं औषध दिलं की रक्तवाहिन्या आवळतात, ठोके मंदावतात, हृदयातून कमी रक्त बाहेर पडतं. जाड भिंतीच्या हृदयात जोराच्या ठोक्याला जो अडथळा होतो, तो अशा वेळी दिसतच नाही. केटामीनने उलट ठोके वाढतात, तर एसिप्रोमेझीनने वाहिन्या सैलावून रक्तदाब उतरतो.

"मग जागेपणी करू," मी म्हटलं.

"घाबरलेल्या मांजराचे ठोके दोनशेच्या वर जातात. तोही आकडा फसवाच. जागी हवी, पण शांत."

पंधरा दिवसांनी सकाळी त्यांनी सांगितलेलं गॅबापेंटिन घरीच दिलं. त्याने भीती कमी होते, आणि हृदयावरचा परिणाम त्या इंजेक्शनांपेक्षा बराच कमी. पेटीवर माझी जुनी साडी पांघरली. अंधाऱ्या खोलीत चिंगी माझ्या हाताखाली पडून राहिली. नाडी 180. हृदयातून रक्त बाहेर पडण्याच्या वाटेवर वेग सेकंदाला 3.4 मीटर, गुंगीत तोच 1.1 होता. दोन मीटरच्या आत असावा लागतो.

म्हणजे अडथळा होता. ऑपरेशनच्या भुलीत ठोके वाढवणारं औषध दिलं असतं, तर तो अडथळा वाढला असता. माझ्या हातात 'प्रवाह ठीक' असा कागद असताना!

घरी येताना वाटलं, पहिला रिपोर्ट खोटा होता का? नाही. गुंगीतल्या हृदयाचं ते खरंच माप होतं. आपण मात्र ते सगळ्या वेळेचं धरून बसलो. ज्या गावात 1895 साली विनोबांचा जन्म झाला, तिथेच हे माझ्या डोक्यात आलं याची गंमत वाटली. त्यांच्याच प्रेरणेने जिनेंद्र वर्णींनी 1974 मध्ये 'समणसुत्तं' संकलित केलं, आणि त्याचा शेवटचा खंड स्याद्वादाचा. पाठशाळेत शिकलेलं 'स्यात्' मला मांजराने समजावलं.

तुमच्याकडेही असा दारचा जीव असेल, तर रिपोर्टवर औषधाचं नाव, मात्रा, वेळ आणि नाडी लिहून मागा. पुढची तपासणी शक्यतो त्याच पद्धतीने करा, तरच दोन आकडे शेजारी ठेवता येतात. आणि माणसांची गोळी आपल्या मनाने देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

चिंगीचं ऑपरेशन पुढे ढकललंय, गोळी सुरू आहे. झोपेतला श्वास मिनिटाला तिसाच्या आत हवा, असं सांगितलंय. काल रात्री सासूबाई घड्याळ घेऊन तिच्या शेजारी बसल्या होत्या. मी विचारलं तर बोट ओठांवर ठेवलं, आणि मिनिट संपल्यावर हळूच म्हणाल्या, "बावीस."