बॉल आत का जात नाही?

२०२४च्या सुरुवातीची गोष्ट. शनिवारी सकाळी ज्युनियर्सचा फोन. "दादा, एकदा वर्कशॉपला येऊन बघशील का?" गेलो, पुण्यातल्या आमच्या जुन्या कॉलेजात. त्या वर्षी रोबोकॉन व्हिएतनामला होती, थीम शेतीची. एका रोबोने रोपं लावायची आणि दुसऱ्याने आपलं आपण बॉल उचलून सायलोत टाकायचे. बॉल आत ओढायला पुढे रोलर. आडवा पाईप, त्यावर रबर, बाजूला मोटर. दिसायला लाटण्याइतकं सोपं :)

मेकॅनिकलची डिग्री घेऊन मी तेव्हा चार वर्षं क्वेऱ्या लिहीत होतो. तरी रुबाबात सांगितलं, "ग्रिप कमी पडतेय. रोलर खाली घ्या, बॉल चांगला २५ मिमी दाबला गेला पाहिजे." दुपार त्यात गेली. रोबो उभा ठेवून बॉल हाताने पुढे केला, तर गपकन आत. टाळ्या! रोबो पळवला, तर बॉल ढकलला जाऊन थेट भिंतीपाशी. दहा वेळा तेच.

शेवटी थर्ड इयरची एक मुलगी हळूच म्हणाली, "दादा, पण रोबोपण चालतोय ना?"

फळ्यावर मांडलं. रोलरचा व्यास ६० मिमी, ३०० आरपीएम. म्हणजे रबराचा वेग सेकंदाला साधारण ९४ सेंटिमीटर. आणि रोबो येतोय एक मीटरने! रोलरने बॉल ओढायच्या आधीच रोबो त्याला ढकलत होता. हा वेग रोबोच्या निदान दुप्पट तरी हवा. मोटरवर दुप्पट दातांची पुली लावली. पण वेग दुप्पट म्हणजे टॉर्क निम्मा, आणि २५ मिमी दाबलेल्या बॉलवर रोलर जाम. मग माझाच उपाय उलटा फिरवून १२ मिमीवर आणला. रात्री साडेनऊला पळत्या रोबोने बॉल गिळला. काय आरडाओरडा!

एक गोष्ट मात्र पोरांना सांगितली नाही. २०२०ला आमचा रोबो होता, रग्बीची थीम, स्पर्धा फिजीला. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि तो वर्कशॉपच्या कोपऱ्यातच राहिला. "चालला असता का रे?" असं कोणी विचारलं की मी आजवर "शंभर टक्के" म्हणत आलो.

त्या रात्री निघताना तो दिसला, धुळीने माखलेला. आणि आठवलं, त्याच्या सगळ्या टेस्टही आम्ही जागेवर उभा ठेवूनच घेतल्या होत्या.

असो.