वाळूतला काळा दात

लेकीकडे अमेरिकेला गेलेल्या आजी-आजोबांना बहुधा नायगारा दाखवतात. मला मात्र माझ्या आठ वर्षांच्या नातीने मेरीलँडमधील कॅल्व्हर्ट क्लिफ्सला नेले. झाडीतून तीनेक किलोमीटर चालले की चेसापीक उपसागराचा किनारा लागतो. इथले उंच कडे म्हणजे सुमारे ८० लाख ते १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा समुद्रतळ. कडा ढासळतो म्हणून त्याच्याखाली जायला बंदी आहे. पण ढासळलेली माती लाटा धुऊन नेतात आणि वाळूत शार्कचे दात येऊन पडतात.

दातच का? तर शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा टिकत नाही. दात मात्र जन्मभर पडत नि नवे येत राहतात. एका माशाचे हजारो. जमिनीतले क्षार शिरून ते काळेभोर होतात.

दात ओळखायचा तर आधी कडेवरून नख फिरवावे. कड गुळगुळीत, दात सुईसारखा निमुळता आणि बाजूला दोन छोटी टोके असतील, तर तो सँड टायगर. गुळगुळीत पण रुंद असेल तर माको. कोंबड्याच्या तुऱ्यासारखा वळलेला आणि एका बाजूला खाच असलेला तो टायगर शार्क. तळहाताएवढा, बारीक एकसारख्या करवतीचा असेल, तर मेगॅलोडॉन. पण तो क्वचितच मिळतो.

आम्हाला दुपारपर्यंत पाच दात मिळाले. त्यातल्या एकाची करवत चांगली जाड होती, फक्त टोक तेवढे गुळगुळीत. सॉलोमन्स गावच्या कॅल्व्हर्ट मरीन म्युझियममध्ये दाखवला, तर तो निघाला हेमिप्रिस्टिस. अटलांटिकमधून या माशाचा वंश कधीच संपला. पण त्याचा एक भाऊबंद हिंदी महासागरात, आपल्या अरबी समुद्रातही, आजही पोहतो आहे!

हे ऐकून नात म्हणाली, "म्हणजे हा आपल्या गावाकडचा?"

वाचकहो, आमचे जावई धारवाडचे. नातीला मराठी कळते, कन्नडही कळते. उत्तर मात्र दोन्हींना इंग्रजीतून येते. हा प्रश्न तिने मराठीत विचारला. मी म्हटले, "बेळगावला समुद्र नाही गं, पण कारवारला आहे. तिकडचा म्हण." रात्री विहीणबाईंचा फोन आला, तेव्हा ती ओरडली, "अज्जी, हल्लु सिक्तु!" पलीकडे विहीणबाई क्षणभर गप्पच झाल्या. मग दोघी कितीतरी वेळ कन्नडमधून बोलत बसल्या. अडले तिथे इंग्रजी, पण बोलल्या.

तो दात नातीने मला दिला. बेळगावच्या घरी तो माझ्या कपाटात आहे, आलेल्या मुलांना मी दाखवते. आपल्या समुद्रातला त्याचा भाऊबंदही मासेमारीमुळे घटत चालला आहे, हेही सांगते. मेरीलँडला आता त्या वंशाचे फक्त दात उरले आहेत. आपल्याकडे अजून मासा आहे.