डोकं खांद्यावर राहावं म्हणून

डेट्रॉईटच्या आसपास नोव्हाय, ट्रॉय, कँटन या उपनगरांत मराठी माणसं भरपूर, आणि त्यातली बरीचशी गाडीच्या कुठल्या ना कुठल्या भागावर पोट भरणारी. कोणी स्टीअरिंगवाला, कोणी सीटवाली, मी ब्रेकवाली. गणपतीत भेटलो तरी आरती झाल्यावर विषय हाच. पण सुट्टीच्या दिवशी स्वतःची गाडी रेसट्रॅकवर नेऊन दामटणारे आमच्यात थोडेच. मी त्यातली एक. दुसरी गाडी म्हणून घेतलेली जुनी माझदा मिआटा आहे माझ्याकडे, दोन सीटची, उघड्या टपाची. ती घेऊन मी साउथ हेवनच्या जिंजरमन ट्रॅकवर जाते. घरापासून अडीच तासांची वाट.

याला शर्यत म्हणत नाहीत. बक्षीस नाही, नंबर नाही. पुढच्याने खिडकीतून हात काढून वाट दिल्याशिवाय मागच्याने पुढे जायचं नाही. नवख्याच्या शेजारी प्रशिक्षक बसतो. एवढं सगळं सोज्वळ असलं तरी लांब सरळ रस्त्यावर माझी ती चिमुकली गाडीही ताशी शंभर मैलांच्या घरात जाते, आणि त्या रस्त्याच्या शेवटी वळण असतंच.

सुरुवातीला माझ्याकडे हेल्मेट होतं आणि गाडीचा नेहमीचा, तीन जागी अडकणारा पट्टा. या पट्ट्याची अडचण अशी की वळणात तो अंग धरून ठेवत नाही. डावा गुडघा दाराला रेटायचा, स्टीअरिंगला लोंबकळायचं, आणि दिवसाच्या शेवटी मांडी काळीनिळी. म्हणून मला शर्यतीच्या गाडीसारखे दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टे, म्हणजे हार्नेस, बसवायचा होता. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाला मी तसं म्हटलं. निवृत्त गृहस्थ, उंच, कमी बोलणारे. म्हणाले, “पट्टे बदलणार असशील तर आधी मानेचं बघ. मानेचं बघायचं नसेल तर आहे तोच पट्टा बरा.”

पहिल्यांदा हे उलटं वाटतं. जास्त पट्टे म्हणजे जास्त सुरक्षा, असंच कोणीही धरून चालेल. पण कागदावर आकडे मांडले की त्यांचं म्हणणं पटतं. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं, वर दीड किलोचं हेल्मेट. गाडी समोरून भिंतीवर आदळली की हार्नेसने बांधलेलं धड जागच्या जागी थांबतं. डोक्याला कोणी बांधलेलं नसतं, ते पुढे जातच राहतं. साठ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साठपट झटका धरला तर ढोबळमानाने पावणेचारशे किलोंची ओढ येते, आणि ती सगळी मानेवर. हाडं जिथे हार खातात ती जागा म्हणजे कवटीचं बूड, मणका जिथे कवटीला मिळतो तिथे. साध्या पट्ट्यात धड थोडं पुढे सरकतं, एका खांद्यावरून वळतं, त्यामुळे डोकं आणि धड निदान काही अंशी बरोबर जातात. हार्नेस ती मुभा काढून घेतो. मानेचा बंदोबस्त न करता हार्नेस घालणं म्हणजे छाती वाचवून मान पुढे करणं.

या सगळ्याचा इतिहास माझ्या घरापासून फार लांब घडलेला नाही. फ्रेंच ड्रायव्हर पॅट्रिक जॅकमार १९८१ साली ओहायोतल्या मिड-ओहायो ट्रॅकवर रेनोची चाचणी घेताना अपघातात गेला, कवटीच्या बुडाच्या फ्रॅक्चरने. जिम डाउनिंग हा त्याचा ड्रायव्हर मित्र. डाउनिंगचा मेहुणा रॉबर्ट हबर्ड इथेच, मिशिगन स्टेट विद्यापीठात प्राध्यापक होता. अपघातात शरीराचं काय होतं याचा अभ्यास त्याने त्याआधी जनरल मोटर्समध्ये केलेला. या दोघांनी मिळून हान्स नावाचं साधन घडवलं. खांद्यांवर बसणारं, मानेमागे उंच उठणारं कडक जू, आणि त्याच्यापासून हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना जाणारे छोटे पट्टे. खांद्यांवरून येणारा हार्नेस या जुवावरून जातो आणि त्याला छातीशी दाबून धरतो. धड थांबलं की जू थांबतं, जू थांबलं की पट्टे डोक्याला थांबवतात, आणि ओढ मानेऐवजी हार्नेसवर जाते. मान मोकळी राहते, फक्त तिच्यावर डोक्याची जबाबदारी उरत नाही. सुरुवातीच्या चाचण्या डेट्रॉईटच्या वेन स्टेट विद्यापीठात झाल्या, माझ्या ऑफिसपासून अर्ध्या-पाऊण तासावर.

साधन तयार असूनही ते कोणी घ्यायला तयार नव्हतं. अवजड आहे, मान वळत नाही, गळ्यात काही नको, अशी कारणं. १९९४ मध्ये इमोलाला ड्रायव्हर रोलांड रॅट्झनबर्गर गेला, तेव्हा फॉर्म्युला वनवाले शोधाला लागले. तिथे हान्स सक्तीचं व्हायला २००३ उजाडलं. अमेरिकेत २००० सालात नॅस्कारचे अ‍ॅडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर एकामागोमाग गेले, तरी बहुतेक ड्रायव्हर ढिम्म. मग १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट भिंतीवर आदळून गेला. नॅस्कारचा सात वेळचा विजेता, आणि बघणाऱ्याला अपघात फारसा भयंकर वाटलाही नव्हता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नॅस्कारने सक्ती केली. अभियंत्यांनी उत्तर काढून ठेवायचं आणि लोकांनी ते वापरायला कोणीतरी मोठं जाण्याची वाट बघायची, हा प्रकार मी ब्रेकच्या धंद्यातही पाहिला आहे.

खरेदीला निघाले तेव्हा पहिला धडा लेबलांचा. स्पंजची एक गोल कॉलर मिळते, गळ्याभोवती गुंडाळायची, अगदी स्वस्त. तिच्यावरही एसएफआय या मानांकन संस्थेचं लेबल असतं, पण नीट वाचलं तर आकडा ३.३ असतो. तो आगीसाठी आहे. कापड पेट घेत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. मानेसाठी लागतो तो ३८.१. त्या चाचणीत गाडीच्या सांगाड्याऐवजी रुळावरच्या घसरगाडीवर पुतळा बांधून झटका देतात, समोरून आणि तिरकाही, आणि मानेवरची ओढ ठरवलेल्या मर्यादेच्या आत राहावी लागते. दुसरं मान्य लेबल एफआयएचं, ८८५८. यातलं एकही नसेल तर वस्तू कितीही देखणी असो, खाली ठेवायची. हेल्मेटचंही तसंच. मोटरसायकलचं चालत नाही. स्नेल संस्थेचं एसए मानांकन लागतं, कारण त्यात आगीचाही विचार असतो. शिवाय एसए२०१५ पासूनच्या हेल्मेटांना हे पट्टे अडकवायचे खिळे बसवायला दोन्ही बाजूंना आट्यांची भोकं आधीच असतात. स्वतः ड्रिल घेऊन हेल्मेटला भोक पाडण्याचा विचारही मनात आणू नये.

मग प्रकार. एक हान्सच्या कुळातला, ज्याला हार्नेस हवाच, कारण हार्नेसशिवाय ते जू खांद्यावर धरून ठेवणारं काही नाही. दुसरा सिम्पसनच्या हायब्रिडसारखा. त्याला स्वतःचे पट्टे असतात, काखेखालून छातीभोवती येणारे, म्हणून बनवणारे तो साध्या पट्ट्याबरोबरही चालतो असं सांगतात. माझ्यासारख्या अर्धवट वाटेवरच्या माणसाला हा मोह मोठा. कोणाच्याही गाडीत बसा, बरोबर न्या. आमच्यातल्याच एका नागपूरकराकडे तो होता. त्याच्याकडे कॉर्व्हेट आहे आणि उत्साह त्याहून मोठा. “घालून बघा ना ताई, कशाला एवढा विचार करून राहिल्या?” म्हणून त्याने पॅडॉकमध्येच तो माझ्या अंगावर चढवला. साधन चांगलंच होतं. पण छातीभोवतीचा पट्टा ज्याने आखला त्याच्या डोळ्यांसमोर बाई नसावी. घट्ट केला तर श्वास घेणं जड, सैल केला तर मग तो घालायचाच कशाला?

म्हणजे पहिलाच प्रकार, म्हणजेच हार्नेस, आणि इथून गाडी उलगडायला लागली. हार्नेस बसवायचा तर खांद्याचे पट्टे मागे कुठे बांधायचे? खांद्याच्या पातळीपासून फार खाली नकोत. मागे जमिनीलाच बांधले तर धक्क्यात ते कण्याला वरून दाबतात. म्हणजे सीटमागे आडवा दांडा हवा. तो रोलबारला जोडलेला हवा, कारण हार्नेसमधला माणूस गाडी उलटली तरी ताठच बसलेला राहतो, त्याला आडवं होऊन वाचायची सोय नाही. उघड्या गाडीत तर रोलबार हवाच. तोही पुरेसा उंच आहे का, हे तपासायची रीत गमतीची आहे: रोलबारपासून समोरच्या काचेच्या चौकटीवर झाडूचा दांडा आडवा ठेवायचा, हेल्मेट घालून बसायचं, आणि डोकं दांड्याला लागता कामा नये. मी बुटकी, त्यामुळे निर्वेध उत्तीर्ण. पुढे, पट्टे खांद्यांवर नीट यायचे तर भोकं असलेली शर्यतीची सीट. पट्ट्यांखालून शरीर घसरू नये म्हणून मांड्यांमधले दोन, असे सहा पट्टे. आणि आमच्या क्लबचा नियम असा की ड्रायव्हरला जे, तेच शेजारच्याला. प्रशिक्षकाला साध्या पट्ट्यात बसवून आपण सहा पट्ट्यांत बसायचं, हे चालत नाही, चालूही नये. म्हणजे सीट दोन, हार्नेस दोन.

नवरा गॅरेजमध्ये पाना धरून उभा होता. म्हणाला, “पाचशे डॉलरच्या त्या मानेच्या पट्टीपायी निम्मी गाडी बदलायला निघालीस तू.” हिशेब बरोबर होता. हान्सची किंमत या यादीत शेवटी येते, आणि सगळ्यात लहानही तीच. माझं मत तेव्हा पक्कं झालं ते आजही तसंच आहे: एक तर सगळं करा, नाहीतर गाडी कारखान्यातून आली तशी ठेवा आणि वेग जरा आवरा. त्या पट्ट्याचा, सीटचा आणि एअरबॅगचा विचार कोणीतरी एकत्र केलेला असतो. मधेच एक तुकडा बदलला की तो विचार मोडतो, आणि नवा कोणी केलेला नसतो.

सगळं बसल्यावर मापाची पाळी. हान्स वेगवेगळ्या कोनांत मिळतं. फॉर्म्युला गाडीत आडवं बसणाऱ्याला तीस अंशांचं, माझ्यासारख्या जवळजवळ ताठ बसणाऱ्याला वीस अंशांचं. दुकानदाराने नेहमीचा मध्यम आकार पुढे केला. बहुतेक पुरुषांना तो होतो. माझ्या गळ्याभोवती तो डावी-उजवीकडे फिरत होता, आणि उतरत्या खांद्यांवरून हार्नेस बाहेरच्या बाजूला सरकत होता. धक्क्यात पट्टा जुवावरून घसरला तर सगळंच मुसळ केरात. मी लहान आकार घेतला, तीन इंची पट्ट्यांऐवजी खांद्यांना दोन इंची लावले, आणि सीटमागे त्यांची टोकं आणखी जवळ घेतली, म्हणजे पट्टे मानेच्या बाजूला ओढले जातात. तेवढ्याने घसरणं थांबलं. कॉलरबोनवर आतल्या पॅडची कड टोचत होती. बारीक खांद्यांच्या माणसाने हे गाडीत, पट्टे करकचून आवळूनच तपासावं. दुकानात उभं राहून काही कळत नाही. आणि केस. आंबाडा घालून हेल्मेट नीट बसत नाही, उंच बांधलेले केस हेल्मेट पुढे ढकलतात. मानेजवळून सैल वेणी, ती शर्टाच्या आत, हे मला जमलं.

मग आमच्या ड्राइव्हवेत रंगीत तालीम. हेल्मेट, जू, सहा पट्टे, उन्हाळ्याची दुपार, आणि कुत्र्याला फिरवणारे शेजारी थबकून बघताहेत. मान दोन्हीकडे किती वळते ते बघितलं. मागून येणारी गाडी मान वळवून बघणं विसरायचं, आरसेच मोठे लावायचे. पण बाजूचा पट्टा सरकता असेल तर वळणाच्या आत बघण्यापुरती मान फिरते. नंतर बाहेर पडण्याचा सराव: बकल सोडायचं, पट्टे झटकायचे, आणि डोकं आधी बाहेर काढताना जुवाचं मागचं टोक सीटला अडकत नाही ना, हे पुन्हापुन्हा. नवऱ्याने घड्याळ लावलं आणि शेऱ्यांसकट वेळ सांगितली. आईचा सांगलीहून व्हिडिओ कॉल आला तो नेमका यात. “हे काय गं घातलंयस गळ्यात?” मी समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग हळू चालव की.” यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

ट्रॅकवर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत त्याची जाणीव राहिली, नंतर गेली. जाणवलं ते दुसरंच: अंग घसरत नसल्यामुळे स्टीअरिंगवरचे हात हलके झाले. प्रशिक्षक स्वतःचं हान्स घेऊन शेजारी बसले, पट्टे ओढून बघितले, माझेही ओढून बघितले, आणि काही बोलले नाहीत. लेबलावर तारीख असते; एसएफआयच्या हिशेबाने पाच वर्षांनी साधन तपासणीला परत पाठवायचं. ती तारीख मी गाडीच्या विम्याच्या कागदांबरोबर लिहून ठेवली आहे.

नागपूरकराने मधल्या काळात कॉर्व्हेटला चार पट्ट्यांचा हार्नेस लावून घेतला होता. मांड्यांमधला पट्टा नाही, खांद्याचे पट्टे मागे थेट जमिनीला बांधलेले, रोलबार नाही. ट्रॅकवर गाडीतून उतरून त्याने मला तो कौतुकाने दाखवला. मी पट्ट्यावर हात ठेवून तो खांद्यापासून मागे किती खाली जातो ते त्याला दाखवलं, आणि धक्क्यात तो कुठल्या दिशेने ओढेल तेही. बराच वेळ तो काही बोलला नाही, आणि त्याच्या बाबतीत हे नवलच. पुढच्या खेपेला बघितलं तर हार्नेस काढलेला, कारखान्याचा पट्टा परत जागेवर. “रोलबारचे पैसे जमले की मग बघू,” म्हणाला, आणि माझ्याच सीटवर बसून हेल्मेटसकट झाडूच्या दांड्याखाली डोकं मावतंय का ते बघायला लागला. नाही मावलं. तो सहा फुटांच्या वर आहे.