खालांचे दोन लाख आणि सेबी

मिरजेच्या माझ्या खाला बँकेत मुदतठेव ठेवत नाहीत. व्याज हराम, हे त्यांचं साधं गणित. खालू गेल्यावर मिळालेले दोन लाख रुपये नुसते खात्यात पडून होते. जमातीतल्याच एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, ‘इसमें सूद नही खाला, शेअर बाजार का नफा है. महिन्याला पाच टक्के, पक्के.’ खालांनी चेक लिहून दिला. सात महिने पैसे आले. आठव्या महिन्यात सांगलीतल्या ऑफिसला कुलूप होतं.

मी साताऱ्याहून गेलो. खालांनी कागद पुढे ठेवले. स्टॅम्प पेपर होता, नोटरीचा शिक्का होता. सेबीचा नोंदणी क्रमांक मात्र कुठेच नव्हता. ‘ये सेबी क्या है बेटा?’ खालांनी विचारलं.

सेबी 1988 मध्ये स्थापन झाली, 1992 मध्ये तिला कायद्याने अधिकार मिळाले. लोकांचे पैसे शेअर बाजारात गुंतवून देण्याचा धंदा करायचा तर तिची नोंदणी लागते. नोंदणी असलेल्यांची यादी तिच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. पण पैसे बुडाले तर सेबी भरून देत नाही. जमिनीच्या नावावर लोकांचे पैसे गोळा करणाऱ्या पर्ल्सला (पीएसीएल) तिने 2014 मध्ये 49,100 कोटी परत करायला सांगितलं. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी लोढा समिती नेमली. तरीही लोक वर्षानुवर्षे वाटच पाहत राहिले. म्हणून चौकशी चेक देण्याआधी करायची.

मला जास्त बोचलं ते वेगळंच. धंद्यात भागीदारी असेल तर तोटाही वाटून घ्यावा लागतो. दरमहा ठरलेला ‘पक्का नफा’ म्हणजे नाव बदललेलं व्याजच. आणि सेबीही ब्रोकर-सल्लागारांना हमखास परताव्याचं आमिष दाखवू देत नाही. म्हणजे शरीयत आणि सेबी, दोघांच्याही कसोटीवर ही योजना पहिल्याच वाक्यात नापास होती. आम्ही फक्त ‘हलाल’ हा शब्द ऐकला आणि पुढचं विचारलंच नाही.

खाला तक्रार द्यायला तयार नव्हत्या. ‘जुम्म्याला पहिल्या सफमध्ये असतो तो. उसकी माँ को क्या मुँह दिखाऊँ?’ मी म्हटलं, सूरह बकरामध्ये देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवायला, साक्षीदार घ्यायला सांगितलंय. भरोसा असला तरी कागद तपासायचा, हे आपल्याला नवं नाही.

खाला बराच वेळ गप्प बसल्या. मग उठून पासबुक घेतलं, बुरखा चढवला आणि म्हणाल्या, ‘चल, पोलीस ठाणे.’