‘कुणी लावलं?’

वर्ध्याकडे आंबा लावतात, संत्रा लावतात, अंगणात तुळस लावतात. कडुनिंब कुणी मुद्दाम लावल्याचं लहानपणी मी तरी ऐकलं नव्हतं. मैना, बुलबुल निंबोळ्या खायचे, धुऱ्यावर नाहीतर विहिरीच्या भेगेत बी टाकून उडून जायचे. बकऱ्यांच्या तोंडातून जे रोप वाचलं, त्याचं झाड.

मे महिन्यात, ऊन चढायच्या आत, पुतणीला घेऊन वर्ध्याच्या हनुमान टेकडीवर गेले. तिला शाळेसाठी झाडांची वही करायची होती. रकाने आखलेले: नाव, उपयोग, कुणी लावलं. शेवटचा रकाना टेकडीवर सोपा होता. वैद्यकीय जनजागृती मंचाच्या लोकांनी हा उघडा माळ झाडांनी भरला. मुरमात खड्डा खणणं एकवेळ जमतं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात रोप जगवायला रोज पाणी लागतं, आणि श्रेय द्यायचं ते पाणी घालणाऱ्यांना. पुतणी रकाना भरत चालली होती. मी मात्र कडुनिंबाशी अडले.

माझ्या आयुष्यात हे झाड सगळीकडे होतं. पाडव्याला कोवळी पानं, ओवा, गूळ आणि भिजलेली हरभऱ्याची डाळ. माझ्या गालात गुळाचाच भाग जास्त. गोवर निघाली तेव्हा उशाला डहाळी, बरी झाल्यावर पाल्याच्या पाण्याने अंघोळ. ज्वारीच्या कोठीत वाळलेला पाला. जून लागला की आम्ही पोरं निंबोळ्या वेचायचो. पिकलेली निंबोळी दाबली की बी सुळकन निसटते, गर बोटांना चिकटतो. गर गोडसर, पण बी चावली की दिवस वाया!

शाळेतून सेवाग्रामला नेलं, तेव्हा बापूंनी 1936 मध्ये लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांची बकुळ दाखवली. त्या झाडांना लावणाऱ्यांची नावं आहेत. कडुनिंबाच्या वाट्याला आश्रमात आली ती चटणी. बापू स्वतः ती खात आणि पंगतीलाही वाढत. पाहुण्यांची तोंडं कशी होत असतील, याचं मला आजही कुतूहल आहे.

या फुकटच्या झाडावर हक्क सांगणारेही निघाले. निंबोळी तेलाच्या बुरशीनाशकाचं युरोपीय पेटंट 1994 मध्ये अमेरिकी कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीला मिळालं. भारतातून हरकत गेली, 2000 मध्ये ते रद्द झालं आणि 2005 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. आमच्या गावात त्याआधी आणि त्यानंतरही निंबोळ्या कुटल्या जातच होत्या. पाच किलो भरड रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, थोडा साबण घालून शंभर लिटर पाणी करायचं. कीड लगेच मरत नाही. तिचं खाणं सुटतं, कात टाकणं अडतं. फवारलं की संध्याकाळपर्यंत मेलेल्या अळ्या दिसाव्यात अशी ज्याची घाई, त्याला हे पटत नाही.

‘कुणी लावलं?’ हे झाड तोडतानाही आठवतं. 2020 मध्ये वर्धा–सेवाग्राम रस्त्यावरची जुनी झाडं रुंदीकरणासाठी पडू लागली, तेव्हा गावकरी, विद्यार्थी आडवे आले. बापूंच्या, कस्तुरबांच्या हाताची झाडं वाचवायला इतिहास तरी असतो. पाखरांच्या झाडासाठी कोण उभं राहणार?

टेकडीवर गेले त्याच दुपारी हा प्रश्न गावात माझ्यासमोरच आला. आमच्या धुऱ्यावरचा कडुनिंब विकायचं दादाच्या मनात आहे. लाकडाचा व्यापारी येऊन बघून गेलाय. “काहून ठेवाचं? याच्या सावलीत पऱ्हाटी होत नाही,” दादा म्हणाला. त्याचंही खोटं नाही, झाडाखालच्या ओळी खरंच खुरटतात. मी म्हटलं, दुपारी बैल बांधायला, मजुरांना भाकर खायला दुसरी सावली कुठे आहे? शिवाय निंबोळ्या पडून जाऊ दे, यंदाच्या फवारणीला लागतील. तो हो म्हणाला नाही. व्यापाऱ्याला मात्र त्याने पोळ्यानंतर यायला सांगितलं.