गप्प राहणारा जीव

गेल्या महिन्यात पुण्याहून नातवाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "आबा, एक सांगू? रागावणार नसाल तर." अशी सुरुवात झाली की आम्हा मास्तर लोकांना लगेच कळतं, गृहपाठ झालेला नाही! मी म्हटलं, सांग. तर म्हणाला, "मी अजगर पाळायचा विचार करतोय."

आमच्या हुपरीत घरोघरी चांदीचं काम. शेजारच्या कारखान्यात पैंजणांच्या कड्या जोडायला गॅसची ज्योत पेटलेली असते, तिचा सूं-सूं आवाज दिवसभर कानावर असतो. मला वाटलं, त्या आवाजात आपण काहीतरी भलतंच ऐकलं. पण नाही. पोरगा गंभीर होता. "तसा अजगर नव्हे आबा, बोआ म्हणतात त्याला. दक्षिण अमेरिकेतला. तुम्हाला समजावं म्हणून अजगर म्हटलं. आत्ता पिल्लू आहे, दीड-दोन फुटांचं. ॲडव्हान्सही दिलाय मी."

मग त्यानं मला साप पाळण्याचे फायदे सांगितले. भुंकत नाही. केस गळत नाहीत. फिरायला न्यावं लागत नाही. मोठा झाला की पंधरा दिवसांतून एकदा खायला दिलं तरी पुरतं. "एकदम शांत असतो आबा. हातावर घेतला तरी काही करत नाही."

"खायला काय देणार?" मी विचारलं.

"उंदीर. मेलेले, गोठवलेले मिळतात. फ्रीजरमध्ये ठेवायचे."

आमच्या सूनबाई फ्रीजमध्ये अंडं ठेवू देत नाहीत. तिथे श्रीखंडाच्या डब्याशेजारी उंदरांची पिशवी! मला हसू आलं, तोही हसला. पण फोन ठेवल्यावर हसू राहिलं नाही. "एकदम शांत असतो" हे शब्द मी पूर्वी एकदा उच्चारले होते. अगदी असेच, अगदी याच कौतुकानं. ती गोष्ट मी घरात कधी कुणाला सांगितलेली नाही. आज इथे सांगतो.

१९७६ सालची गोष्ट. बी.ए. होऊन नुकताच नोकरीला लागलो होतो. चंदगडकडच्या डोंगराळ भागातल्या एका लहान शाळेत नेमणूक होती. पावसाळा सुरू होण्याच्या सुमारास एक गुराखी पोरगा, आमच्याच सातवीतला, पोत्यात घालून एक अजगर घेऊन आला. सहा फुटांच्या आसपास असेल. ओढ्याकाठी लोक त्याला मारायला निघाले होते, यानं वाचवला. "गुर्जी, ह्याला कुटं सोडू?" त्यानं विचारलं होतं. सोडू, असं विचारलं होतं. हे मी विसरलेलो नाही.

मी तरुण होतो, उत्साही होतो. पुस्तकातली चित्रं दाखवून मुलांना शिकवण्यापेक्षा जिवंत प्राणी दाखवला तर मुलं आयुष्यभर विसरणार नाहीत, असं मला वाटलं. चहाची एक मोठी लाकडी पेटी होती. तिला वर जाळी ठोकली, आत वाळकं गवत घातलं, आणि पेटी वर्गाच्या कोपऱ्यात ठेवली. चार दिवसांनी सोडू म्हटलं. चार दिवसांचे आठ झाले. आजूबाजूच्या वाड्यांवरून लोक बघायला येऊ लागले. मास्तरांनी अजगर पाळलाय म्हणून माझं नाव झालं. खोटं कशाला बोलू, ते मला आवडलं.

तो काही खाईना. एकदा मुलांनी जिवंत घूस पकडून आणली, ती आम्ही रात्रभर पेटीत सोडून दिली. सकाळी पाहतो तर घूस तशीच जिवंत, आणि अजगराच्या पाठीवर दोन ठिकाणी कुरतडल्याच्या जखमा. एवढा थोरला अजगर आणि त्याला घुशीनं खाल्लं! मुलं हसली. मीही हसलो. जखमांना हळद लावली.

चंदगडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. भिंतींना ओल, कपड्यांना ओल. अजगर दिवसेंदिवस गप्प होत गेला. आधी पेटीजवळ गेलं की फूत्कार टाकायचा, ते बंद झालं. मी जाळी काढून त्याच्या अंगावरून हात फिरवायचो, तो हलायचा नाही. मी मुलांना म्हणालो, "बघा, माणसाळला. किती शांत झालाय."

तो माणसाळला नव्हता. तो मरत होता. पुढे त्याच्या तोंडाच्या कडांना फेस दिसायला लागला, श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. सापाला स्वतःच्या अंगची ऊब नसते. आपण थंडीत कुडकुडून अंग तापवतो, त्याला ऊन शोधत जावं लागतं. ऊन मिळालं नाही तर खाल्लेलं पचत नाही, म्हणून तो खातच नाही. गारठ्यात आणि ओलीत कोंडून ठेवला की छातीत कफ होतो, आणि त्याला खोकून तो काढताही येत नाही. हे सगळं मला फार नंतर, वाचून कळलं. श्रावणात एके दिवशी सकाळी तो गेला होता. आम्ही त्याला शाळेमागे पुरलं. परत येताना तो गुराखी पोरगा म्हणाला, "गुर्जी, सोडला आसता तर जगला आसता न्हवं?"

चौतीस-पस्तीस वर्षं मास्तरकी केली. मुलांनी हजारो प्रश्न विचारले. या एका प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालीच झाला होता, पण मला त्याची गंधवार्ता नव्हती. म्हणून दोष कमी होतो असं नाही. कायदा माहीत नव्हता हे ठीक. समोरचा जीव तर दिसत होता ना?

तर सांगायचा मुद्दा असा. कुत्रं उपाशी राहिलं तर दारात येऊन केकाटतं. म्हैस आजारी पडली की रवंथ थांबवते, गोठ्यात शिरल्याबरोबर कळतं. साप सुखात असला तरी गप्प, आणि मरायला टेकला तरी गप्प. नातू ज्याला सोय म्हणत होता, तीच मला सगळ्यात अवघड गोष्ट वाटते. जो जीव तक्रार करत नाही, त्याच्याकडे दुप्पट लक्ष द्यावं लागतं. वर्गात दंगा करणाऱ्या मुलाकडे मास्तरचं लक्ष आपोआप जातं. मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलाला आपण "शहाणा आहे" म्हणतो आणि पुढे जातो. त्याला फळ्यावरचं दिसत नसतं, किंवा घरातून उपाशी आलेला असतो. अशी किती मुलं माझ्या नजरेतून सुटली असतील, देव जाणे.

आता कुणी म्हणेल, मास्तर, तुमच्या अज्ञानानं एक साप मेला म्हणून सगळ्यांनीच पाळू नये का? तसं मी म्हणत नाही. नीट अभ्यास करून, काचेची मोठी पेटी करून, एका बाजूला उबदार आणि दुसऱ्या बाजूला गार अशी व्यवस्था ठेवून, पाणी, ओलावा, कात टाकायचे दिवस, सगळं सांभाळणारे लोक जगात आहेत. पण ते काय काय करतात हे ऐकून ठेवावं. हातावर मावणारं पिल्लू काही वर्षांत सात-आठ फुटांचं होतं. जाळीदार अजगर किंवा बर्मी अजगर यांसारख्या खऱ्या प्रचंड जाती तर पंधरा फुटांच्याही पुढे जातात. मोठा साप एकट्यानं कधी हाताळायचा नाही, सोबत दुसरा माणूस हवा. खाऊ घातल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. पेटीला कुलूप हवं. शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरांपैकी सापाला तपासणारा कोण, हे आजारी पडायच्या आधी माहीत हवं. आणि हे सगळं वीस-पंचवीस वर्षं!

मी नातवाला तेवढंच विचारलं होतं. "तू चोवीस वर्षांचा. उद्या बंगलोरला गेलास, परदेशी गेलास, लग्न झालं आणि बायको नको म्हणाली, तर हा कुणाकडे?"

"तुमच्याकडे," तो हसत म्हणाला.

मी पंचाहत्तरीला आलो. पंचवीस वर्षांचा हिशेब मला कुठला जमणार?

अशा जिवाला हात थकले की काय होतं, ते अमेरिकेतल्या फ्लोरिडात दिसलं आहे. तिथे लोकांनी हौसेनं बर्मी अजगर आणले. मोठे झाल्यावर झेपेनात, तेव्हा काहींनी रानात सोडून दिले. काही विक्रेत्यांकडून निसटले. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत ते इतके वाढले, की २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रॅकून दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. त्याच फ्लोरिडात २००९ साली घरातल्या पाळीव अजगरानं दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. त्याची पेटी नीट बंद नव्हती आणि त्याला पुरेसं खायलाही दिलेलं नव्हतं. घरातल्या दोघांना शिक्षा झाली. त्यात अजगराचा गुन्हा काय? तो अजगरच होता. माणसं विसरली.

आपल्याकडे आपल्या रानातला अजगर पाळायचा प्रश्नच येत नाही. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. परदेशी सापांचं काही वर्षांपूर्वीपर्यंत मोकळं रान होतं. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनी असे ठरावीक परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला सरकारच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली, तो मेला, तरी कळवावं लागतं. हे लिहिताना मला आमचं शाळेतलं जनरल रजिस्टर आठवलं. मूल कुठून आलं आणि दाखला घेऊन कुठे गेलं, दोन्ही रकाने भरावे लागत. जिवाची नोंद अशीच असावी. नाहीतर काय होतं? डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत कोंबलेले अकरा साप सापडले. त्यातले नऊ छोट्या जातीचे आफ्रिकी अजगर होते. बिस्किटाच्या पुड्यात! माझी चहाची पेटी आठवली आणि मान खाली गेली.

आमच्यापासून बत्तीस शिराळा काही फार लांब नाही. तिथे नागपंचमीला जिवंत नाग पकडून मडक्यांत ठेवायचे, त्यांची मिरवणूक काढायची. भक्तीनं करायचे, त्यांच्या भक्तीबद्दल मला शंका नाही. न्यायालयाच्या आदेशांनंतर ते थांबलं. २०२५ साली केंद्रानं २१ नाग पकडायला परवानगी दिली, तीही फक्त शिक्षणासाठी, मिरवणुकीसाठी नव्हे. शिराळकरांनी श्रद्धेनं ठेवला, मी शिकवण्यासाठी ठेवला, नातवाला हौसेनं ठेवायचा होता. तिन्ही ठिकाणी कारण आपलं. सापाचं कारण कुठेच नाही.

सापाचं कारण असलेली एक जागा मला माहीत आहे, ती हेमलकसा. डॉ. प्रकाश आमटे तिथे १९७३ पासून आदिवासींसाठी काम करताहेत. शिकारीत मेलेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू त्यांनी शिकाऱ्यांना तांदूळ देऊन मागून घेतलं, तिथून त्यांचं प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं. पुढे त्यात बिबटे, अस्वलं आली, सापही आले. त्यांना प्राणी हवा होता म्हणून नव्हे, त्या प्राण्याला जायला दुसरी जागा नव्हती म्हणून. पाळणं आणि सांभाळणं यातला फरक मला इथे दिसतो.

असो. ही चंदगडची गोष्ट मी नातवाला फोनवर सांगितली. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. शेवटी म्हणाला, "आबा, तुम्ही कधी सांगितलं नाही." मी म्हटलं, मास्तर आपल्या चुका कुठे सांगतात?

आठ दिवसांनी पुन्हा फोन आला. त्यानं विक्रेत्याकडे नोंदणीचे कागद मागितले होते. विक्रेता आधी टाळाटाळ करत राहिला, मग फोन उचलेनासा झाला. ॲडव्हान्स बुडाला. मला वाटलं, पोरगा पैशांसाठी हळहळतोय. म्हटलं, जाऊ दे, शिकवणी लावली होती असं समज. पुण्याला आलो की कात्रजला जाऊ, तिथला अजगर बघू.

"पैशांचं नाही आबा," तो म्हणाला. "ते पिल्लू आता कुणाकडे गेलं असेल?"

पन्नास वर्षांनी तोच प्रश्न, दुसऱ्या आवाजात. उत्तर याही वेळी माझ्याकडे नव्हतं. पण या वेळी मी गप्प बसलो नाही. "मला माहीत नाही रे बाळा," असं म्हणालो, आणि मग आम्ही दोघं त्या पिल्लाबद्दल बराच वेळ बोलत राहिलो.